चाकांवरचे घर आणि साथीचा आजार: आधी मैल्याच्या टाकीचा हिशेब करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

साथ पसरू लागली की विमान, रेल्वे, हॉटेल यांच्यासाठी नियम निघतात आणि वृत्तपत्रे ते तातडीने छापतातही. मोटरहोम किंवा कॅराव्हॅन, म्हणजे आत पलंग, शेगडी, शौचालय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येते: ‘तुमचे बरे आहे, तुम्ही आपल्याच घरात आहात.’ हे अर्धेच खरे आहे. बाहेरच्या गर्दीपासून गाडी वाचवते, यात शंका नाही. पण आतल्या एकाला संसर्ग झाला की दुसऱ्याला त्याच्यापासून लांब ठेवणे तिच्यात फार अवघड जाते, आणि पाणी भरायला व मैला टाकायला तिला दर दोन-तीन दिवसांनी चारचौघांत जावेच लागते. या दोन अडचणींची तयारी आजार यायच्या आधी केलेली असेल तरच गाडीत साथ निभावते. ती कशी करायची हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात टाक्यांपासून करू, कारण गाडी किती दिवस अलग राहू शकेल हे तिथे ठरते. समजा गाडीत दोघे आहेत, पिण्याच्या पाण्याची टाकी १०० लिटरची आहे आणि शौचालय कॅसेटचे, म्हणजे काढून नेऊन रिकामी करायची मैल्याची छोटी टाकी असलेले, १८ लिटरचे. दोघे धडधाकट असतील आणि पाणी जपून वापरत असतील तर टाकी चार-पाच दिवस पुरते, कॅसेट दोन ते तीन दिवस. आता एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले असे धरा. पिणे आणि स्वयंपाक मिळून ८ लिटर. शुश्रूषा करणाऱ्याने दिवसातून दहा-बारा वेळा साबणाने हात धुतले की आणखी ८ लिटर. भांडी ५ लिटर, अंग पुसण्यापुरते पाणी ६ लिटर, आणि दोघांचे फ्लश मिळून १० लिटर. बेरीज ३७ लिटर, म्हणजे टाकी पावणेतीन दिवसांत खडखडीत. तरीही पाण्याची फार चिंता नको, कॅन भरून कोणीही दाराशी आणून ठेवू शकते. खरी कोंडी कॅसेटची होते. फ्लशचे १० लिटर, दोघांची लघवी ३ लिटर आणि जुलाबाचे दोन-तीन लिटर धरले तर दिवसाला १५ ते १६ लिटर जमा होतात. १८ लिटरची कॅसेट जेमतेम एक दिवस चालते.

याच्या शेजारी आजाराचे वेळापत्रक ठेवून पाहा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसची बाधा झाल्यावर लक्षणे १२ ते ४८ तासांत दिसतात, आजार एक ते तीन दिवस टिकतो आणि उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही किमान ४८ तास त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये, लोकांत मिसळू नये. पहिला उठेपर्यंत दुसरा पडतो, हे अशा बंदिस्त जागेत नेहमीचेच. दोघांचे मिळून आठवडा जातो. फ्लूमध्ये लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग पसरतो. गोवरात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत. न्यूझीलंडमध्ये गाडीला ‘स्वयंपूर्ण’ असे प्रमाणपत्र देताना दर माणशी दिवसाला ४ लिटर पाणी या हिशेबाने तीन दिवसांची सोय पाहिली जाते. निरोगी प्रवाशासाठी ते माप पुरेसे आहे. आजारात गरज सात दिवसांची आणि गाडीची ताकद एक ते तीन दिवसांची, ही तफावत आधी भरून काढायला हवी.

ती भरून निघते. एक जादा कॅसेट विकत घेऊन डिकीत ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय. आमच्या मते साथीच्या दिवसांत तो ऐच्छिक नाही. दुसरे म्हणजे निरोग्याची लघवी वेगळी करा. घट्ट झाकणाच्या १० लिटरच्या कॅनमध्ये ती साठवली की कॅसेटवरचा भार लगेच कमी होतो. तिसरे, आजाऱ्यासाठी बादलीचे शौचालय: बादलीत दोन जाड पिशव्या एकात एक, तळाशी द्रव शोषून जेलसारखे घट्ट करणारी पावडर किंवा लाकडाचा भुसा. प्रत्येक वापरानंतर पुन्हा थोडी पावडर, पिशवीचे तोंड पिळून बंद. यात फ्लशचे पाणी लागत नाही आणि मैला उडत नाही. अशा पिशव्या घनकचऱ्यात टाकायला परवानगी आहे का, हे मात्र तळाच्या (गाड्या मुक्कामाला थांबतात त्या जागेच्या) व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवा. कागद कॅसेटमध्ये न टाकता झाकणाच्या डब्यात टाकला तरी बरीच जागा वाचते.

ज्यांच्या गाडीला १०० लिटर किंवा त्याहून मोठी बसवलेली मैल्याची टाकी आहे त्यांना थोडी उसंत मिळते. त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. मुक्कामाच्या तळावरच्या पाइपला जोडणी असली तरी मैल्याची झडप बंदच ठेवावी, कारण ती उघडी राहिली की पाणी वाहून जाते, घट्ट मैला मागे साचतो आणि त्याचा ढीग होऊन टाकी तुंबते. आजारी माणूस गाडीत असताना तुंबलेली टाकी उघडायची वेळ कोणावर येऊ नये. आणि रिकामी करताना आधी मैला, मग सांडपाण्याची (हात, भांडी, अंग धुतलेल्या पाण्याची) टाकी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो.

आता एक कळकळीची सूचना. टाकीत किंवा कॅसेटमध्ये ब्लीच ओतू नका. ‘जंतू मरतील’ म्हणून पुष्कळ जण ओततात. लघवीतून अमोनिया तयार होतो, त्याचा ब्लीचशी संयोग झाला की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो, आणि तो दीड चौरस मीटरच्या न्हाणीघरात सुटतो. शौचालय साफ करायच्या आम्लयुक्त द्रवाशी गाठ पडली तर थेट क्लोरीन. शिवाय ब्लीचने झडपेचे रबर कडक होऊन गळती लागते आणि मैला कुजवणारे उपयोगी जिवाणूही मरतात. ब्लीच वापरायचा तो बाहेरच्या पृष्ठभागांवर: झाकण, आसन, कडी, नळाची मूठ.

कॅसेट रिकामी करायचे काम निरोग्यानेच करावे. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर चांगला मास्क. दांडी धरून कॅसेट सरळ उभी नेणे, तोटी फिरवून खाली वळवणे, आणि तोटीचे तोंड खाली झाल्यावरच हवेचे बटण दाबणे. बटण न दाबता ओतले तर आत हवा जात नाही, द्रव गचके खात बाहेर येतो आणि गुडघ्यापर्यंत शिंतोडे उडतात. साथीच्या आजारात हेच टाळायचे आहे. आधीच दाबले तर बटणातूनच गळते. मग थोड्या पाण्याने खळबळून पुन्हा ओतायचे, दोनदा. हे पाणी तिथल्या धुण्याच्या नळाचे असावे. पिण्याच्या पाण्याची नळी तिथे कधीही न्यायची नाही आणि धुण्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळाला लावायची नाही. दाब कमी झाला की नळीतले पाणी उलटे शोषले जाऊ शकते. शेवटी दांडी, तोटीचे टोपण आणि नळाची मूठ क्लोरीनच्या द्रावणाने (प्रमाण पुढे दिले आहे) पुसणे, हातमोजे काढणे, साबणाने हात धुणे. कॅसेट तीन-चतुर्थांश भरली की रिकामी करायची, खूण दिसेपर्यंत थांबायचे नाही. काठोकाठ भरलेल्या कॅसेटची सरकती झडप ओढली की वरचा थर खणात सांडतो.

सांडपाण्याबद्दल लोक बेफिकीर असतात. आजाऱ्याचे अंग पुसलेले, त्याचे कपडे खळबळलेले पाणीही संसर्गजन्य असते. ते गाडीखाली जमिनीवर गळू देणे म्हणजे शेजारच्या गाडीतल्या अनवाणी मुलांच्या पायाखाली देणे. झडप बंद, टाकीखाली थेंब नाही, एवढे रोज वाकून पाहावे.

हवेचा विषय याहून महत्त्वाचा, विशेषतः फ्लू, कोविड, गोवर यांसारख्या श्वासावाटे पसरणाऱ्या आजारांत. सहा मीटर लांबीच्या गाडीत कपाटे आणि पलंग वजा केले की हवा साधारण २० घनमीटर उरते. एखाद्या घरातल्या लहान खोलीपेक्षाही ही कमी आहे. पण तिच्यात एक जमेची बाजू आहे: हवा थोडी, म्हणून ती झटपट बदलताही येते. रुग्णालयात हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या विलगीकरण खोलीत तासाला १२ वेळा हवा बदलण्याचे माप धरतात. त्या वेगाने हवेतले ९९ टक्के कण २३ मिनिटांत निघून जातात. ६ वेळा बदलली तर ४६ मिनिटे लागतात. आपल्या २० घनमीटरसाठी १२ वेळा म्हणजे तासाला फक्त २४० घनमीटर हवा. छतावरचा ३५ सेंटिमीटरचा चांगला पंखा मंद वेगावरही एवढी हवा ओढू शकतो. म्हणजे जे माप इमारतीत खर्चिक यंत्रणा बसवून गाठावे लागते ते गाडीत एका पंख्याने आणि एका खिडकीने साधते.

अट एकच, वाहण्याची दिशा. आजारी माणूस मागच्या पलंगावर, पंखा त्याच्या डोक्यावरच्या छतात आणि हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला, निरोगी माणूस पुढे आणि खिडकी उघडी त्याच्याजवळची. बाकी खिडक्या बंद. वारा निरोग्याकडून आजाऱ्याकडे आणि तिथून छतातून बाहेर. मध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लॅस्टिकचा किंवा दाट कापडाचा पडदा. खाली चार-पाच बोटे मोकळी ठेवली की हवा त्या फटीतून पुढून मागे जाते. दिशा बरोबर आहे का हे पाहायला टिश्यू कागदाची पट्टी फटीजवळ धरा. ती मागच्या बाजूला झुकली पाहिजे. पुढे झुकली तर कुठेतरी दुसरी झडप किंवा खिडकी उघडी आहे, किंवा बाहेरचा वारा पंख्यावर मात करतो आहे. मग गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करा.

या पंख्याचा शौचालयाशी एक घातक संबंध आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. पंखा हवा बाहेर ओढत असताना खिडक्या बंद असल्या तर गाडीला हवा कुठून तरी आत घ्यावीच लागते. अशा वेळी शौचालयाची झडप उघडली की ती हवा टाकीच्या वायुनळीतून, मैल्यावरून आणि भांड्यातून वर येते, थेट तोंडावर. म्हणून क्रम ठरवून घ्या: खिडकी उघडी, शौचालयाचे झाकण बंद, पंखा थांबवणे, मग फ्लश, झडप बंद, अर्ध्या मिनिटाने पंखा पुन्हा सुरू.

छतावरच्या एअर कंडिशनरवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो आतलीच हवा फिरवतो. गारवा मिळतो, ताजी हवा मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत लोक सगळे बंद करून हीटर लावतात आणि नेमका तेव्हाच दुसरा आजारी पडतो. इंधन थोडे जास्त जाईल, पण छतावरची झडप दोन-तीन सेंटिमीटर उघडी आणि पंखा मंद चालू राहू द्या. गॅसवरची उपकरणे असलेल्या गाडीत जमिनीजवळ हवेची कायमची छिद्रे असतात, ती बोळे घालून बंद करणे जिवावर बेतू शकते. पंखा बाहेर ओढत असताना खिडकी बंद ठेवली तर जनरेटरचा किंवा गॅसवरच्या फ्रिजचा धूरही आत खेचला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर चालू आहे का हे आजारपणाच्या पहिल्याच दिवशी बटण दाबून तपासा. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही त्या वायूचीही लक्षणे आहेत आणि ‘फ्लूच असेल’ म्हणून ती अंगावर काढली जातात.

हवा पुरेशी बदलते आहे का हे कळायला हातात मावणारे कार्बन डायऑक्साइडचे मापक उपयोगी. बाहेर आकडा साधारण ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. आत ८००च्या खाली राहिला तर ठीक. दोन माणसे सगळे बंद करून झोपली तर एवढ्याशा जागेत तासाभरात तो हजाराच्या वर जातो. शेगडी चालू असताना आकडा बघू नका, ज्योतीचा वायूही त्यात मोजला जातो.

विजेचा हिशेबही याच ओळीत. मध्यम वेगावर पंखा सुमारे २ अँपिअर घेतो, म्हणजे चोवीस तासांत ४८ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. पंख्यातच ती संपली; पाण्याचा पंप, दिवे, फोन राहिलेच. लिथियम बॅटरी असेल तर दीड दिवस. ढगाळ हवा असेल तर सोलरवर भरवसा ठेवू नये, आजारपणात विजेची जोडणी असलेलीच जागा घ्यावी. खिडकी उघडणे अशक्यच असेल तर हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचे छोटे यंत्र चालते, मात्र त्याची स्वच्छ हवा देण्याची क्षमता तासाला किमान १२० घनमीटर असावी. कप ठेवायच्या खाचेत मावणारी शोभेची यंत्रे याच्या जवळपासही जात नाहीत.

आणि तंबू असेल, किंवा गाडीला जोडायचा मांडव असेल, तर सर्वांत चांगले म्हणजे निरोग्याने तिथे झोपणे. आजाऱ्याला बाहेर काढू नये. शौचालय, ऊब आणि पाणी त्याला हाताशी हवे. मांडवाच्या दोन बाजू उघड्या ठेवल्या की निरोगी माणूस जवळजवळ उघड्यावर असल्यासारखाच.

आजाऱ्याचा पलंग निवडताना आणखी एक विचार करा. गाडीचे दार अरुंद असते आणि आत वळण असते, स्ट्रेचर वळत नाही. पुष्कळ गाड्यांत मागचा पलंग सामानाच्या खणावर, छातीएवढ्या उंचीवर असतो. चालकाच्या डोक्यावरच्या पलंगाला तर शिडी लागते. अंगातली शक्ती गेलेल्या माणसाला तिथून उतरवणे दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनाही जमत नाही. मागचा पलंग उंच असेल तर पहिल्या दिवसापासूनच मधल्या टेबलाचा खाली पलंग करून त्याला तिथे निजवा आणि पडदा त्याच्यापुढे ओढा. पंखाही मग मधल्या छतातला वापरा.

स्वच्छतेत दोन वेगवेगळी द्रावणे लागतात. रोजच्या पुसण्यासाठी एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचा ब्लीच २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. उलटी किंवा जुलाब सांडले असतील तिथे ९०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर. आधी कागदी टॉवेल टाकून कडेकडून मध्याकडे सगळे उचलायचे, पिशवीत बंद करायचे, मग द्रावण ओतून पाच ते दहा मिनिटे ओले ठेवायचे आणि नंतर साध्या पाण्याने पुसायचे. घाण न उचलता वरून द्रावण फवारले तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते आणि फवाऱ्याच्या झोताने विषाणू हवेत उडतो. द्रावण रोज नवे करायचे. मूळ बाटलीही उन्हात तापणाऱ्या गाडीत काही महिन्यांत पातळ पडते, म्हणून प्रवासात क्लोरीनच्या गोळ्या बाळगणे चांगले. त्या टिकतात आणि सांडत नाहीत. प्रमाण मात्र गोळीच्या वेष्टनावरचेच घ्या.

अल्कोहोलचे सॅनिटायझर, किमान ६० टक्क्यांचे, फ्लू आणि कोविडला उपयोगी. नोरोव्हायरसला ते पुरत नाही, तिथे साबण आणि वाहते पाणी, वीस सेकंद. गाडीच्या खिडक्या बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्या अल्कोहोलने पुसल्या तर बारीक भेगांचे जाळे पडते आणि खिडकी बदलावी लागते. त्यांना साबणाचे पाणीच. आणि शेगडी, गॅसचा फ्रिज किंवा हीटर पेटता असताना बंद गाडीत अल्कोहोल फवारणे हे आगीला आमंत्रण आहे.

गाद्या आणि बैठकीच्या कापडाला ब्लीच लावता येत नाही. आजाऱ्याच्या गादीवर पहिल्याच तासात जलरोधक आवरण घाला, नंतर घालून उपयोग नाही. त्याचे कपडे झटकू नका, पिशवीत भरा आणि ६० अंशांच्या पाण्यात धुवा. तळावरची सार्वजनिक धुलाई यंत्रे वापरायची असतील तर सर्वांच्या शेवटी.

पाणी भरताना तळाच्या नळाचे तोंड द्रावणाने पुसून, अर्धा मिनिट पाणी सोडून मगच स्वतःची नळी लावावी. त्याच नळावर कोणी कॅसेट धुतली नसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. नळीचे टोक जमिनीला लागले, किंवा पाण्याला वास आला, तर पूर्ण टाकी निर्जंतुक करा: हीटर बंद करून थंड होऊ द्या, कार्बन फिल्टरचे काडतूस काढा (ते क्लोरीन शोषून घेते आणि पुढच्या नळ्या तशाच राहतात), टाकीच्या दर लिटरमागे ५ टक्क्यांचा ब्लीच १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर. एकेक नळ, थंड आणि गरम दोन्ही, वास येईपर्यंत सोडा. रात्रभर ठेवा, रिकामी करा, दोनदा धुवा. हे आजारपणाच्या मध्यात करणे नको, निघण्याआधीच करून ठेवा. पिण्याचे पाणी संशयास्पद वाटले तर खळखळून एक मिनिट उकळा. २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे.

जुलाबात मुख्य औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. तयार पाकिटे असावीत. नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात सढळ झाला तर अपाय होतो, म्हणून मापाचा चमचा पाकिटांबरोबरच ठेवा. आठ तास लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, माणूस सुस्त झाला, तर घरगुती उपायांची वेळ संपली.

औषधपेटीला गाडीत उन्हाचा त्रास सर्वांत जास्त. बंद गाडी उन्हात ५० अंशांच्या वर सहज जाते, आणि घरी करायच्या बहुतेक चाचणीसंचांवर साठवणीची मर्यादा २ ते ३० अंश अशी लिहिलेली असते. उन्हाळाभर डॅशबोर्डच्या खणात पडलेला संच ‘निगेटिव्ह’ दाखवेल आणि त्यावर विश्वास ठेवून माणूस शेजाऱ्यांत मिसळेल. इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवे, पण फ्रिजच्या आतल्या थंड पात्यांना टेकवून ठेवले तर गोठते आणि गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरपी उभी असेल तर नीट गार होत नाही. म्हणून आठवडाभर एका जागी थांबायचे तर आधी गाडी समपातळीत आणा. ऑक्सिमीटर जरूर बाळगा. ऑक्सिजनचा आकडा सतत ९२ टक्क्यांच्या खाली राहिला तर वाट पाहू नये. उंच डोंगरात निरोग्याचाही आकडा उतरतो, हे लक्षात ठेवून दोघांचे आकडे शेजारी शेजारी वहीत लिहा.

पुष्कळांची पहिली ऊर्मी असते ती दूर, निर्जन ठिकाणी निघून जाण्याची. आमचे मत स्पष्ट आहे: ते चूक आहे. निर्जन जागी संसर्ग लागण्याची शक्यता कमी, पण लागलेला असेल तर तो बरोबरच येतो. साथीच्या काळात रुग्णालयापासून तासाभराच्या आत, डांबरी रस्त्याला लागून, फोनला रेंज असलेली आणि विजेची जोडणी असलेली जागा धरावी आणि इंधनाची टाकी भरलेली ठेवावी. पहिले लक्षण दिसले की पुढचा मुक्काम रद्द. ताप असताना गाडी चालवणे, त्यातही साडेतीन टनांची, हे बाकीच्या रस्त्यावरही अन्याय करणारे आहे. सर्दीच्या अनेक औषधांनी झोप येते ती वेगळीच. आजाऱ्याला हलवावेच लागले तर त्याने पट्टा असलेल्या आसनावरच बसावे, मागच्या पलंगावर झोपून नव्हे. दोघांना मास्क, आणि पुढचा ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या स्थितीत.

बहुतेक जोडप्यांत गाडी एकच जण चालवतो, आणि आजार नेमका त्यालाच गाठू शकतो. दुसऱ्याला निदान गाडी तळावरून काढून सरळ रस्त्याने रुग्णालयापर्यंत नेता आली पाहिजे. त्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: गाडीची उंची, लांबी, वजन, निघण्याआधी काय काय काढायचे (विजेची केबल, पाण्याची नळी, चाकांखालचे ठोकळे, पायरी, छताच्या झडपा, गॅस सिलिंडरची चावी), थांब्याचे अक्षांश-रेखांश आणि जागेचा क्रमांक, दोघांचे रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि औषधांची मूळ नावे. रुग्णवाहिकेला ‘झाडाजवळची पांढरी गाडी’ सांगून उपयोग नसतो, तळावर सगळ्याच गाड्या पांढऱ्या असतात.

शेवटी तळ चालवणाऱ्यांसाठी आणि प्रशासनासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची महासाथ जाहीर केली. अमेरिकेत २० मार्चला योसेमिटी आणि २४ मार्चला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बंद झाले. त्याच महिन्यात मोरोक्कोने स्पेनकडची सीमा बंद केली तेव्हा हिवाळ्यासाठी गेलेली बरीच युरोपीय मोटरहोम तिथेच अडकली. गर्दी टाळण्यासाठी तळ बंद करणे समजण्यासारखे होते. पण तळाबरोबर मैला रिकामा करायची जागा आणि पाण्याचा नळही कुलूपबंद होतो, आणि ज्यांचे कायमचे घरच चाकांवर आहे त्यांना मग जागोजागी हिंडावे लागते. साथ रोखायची म्हणून घातलेली बंदी माणसांना आणि मैल्याला रस्त्यावर आणते.

आमची मागणी मर्यादित आहे. साथीत मुक्काम बंद करा, पण मैला टाकायची जागा आणि पिण्याचा नळ चालू ठेवा. दोन्हींमध्ये अंतर असू द्या, धुण्याच्या नळावर ठळक पाटी लावा आणि दर गाडीला वीस मिनिटांची वेळ ठरवून द्या, म्हणजे दोन गाड्यांची माणसे समोरासमोर येत नाहीत. तिथे हात धुवायला साबण आणि पायाने दाबून सुटणारा नळ असावा. कायम गाडीत राहणाऱ्यांना रहिवासी माना आणि आहे त्या जागी राहू द्या. आणि ‘आमच्या गाडीत आजारी माणूस आहे’ असे सांगणाऱ्याला हाकलू नका. कडेची, वीज असलेली जागा द्या, त्याचे पाण्याचे कॅन दाराशी पोहोचवा. एकाला हाकलल्याचे कळले की दुसऱ्या दिवसापासून कोणीही खरे सांगत नाही, आणि मग त्याच नळावर सगळे रांग लावतात.

आपले,
मोटरहोमने प्रवास करणारे काही वाचक